लांगेच्या टेकड्या : द्राक्षे, अन्न आणि माणसे

इटली म्हटले की मराठी माणसाला आधी तीन नावे आठवतात : मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र व लेख मराठीत आणले ते १९०७ साली. तेव्हापासून ही त्रिमूर्ती आपल्याकडे घरोघर ठाऊक झाली. मॅझिनीने ध्येय दिले, गॅरिबाल्डीने तलवार चालवली आणि काव्हूरने मुत्सद्देगिरी केली, असे आपण शाळेत पाठ केले. पण या काव्हूरने आणखी एक काम केले होते, ते मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हते. १८३२ पासून १८४९ पर्यंत, म्हणजे तब्बल सतरा वर्षे, तो ग्रिंझाने नावाच्या एका लहानशा गावाचा नगरप्रमुख होता, आणि तिथल्या घरच्या जमिनीत तो द्राक्षाच्या बागा सुधारीत होता. त्या गावाला आज ग्रिंझाने काव्हूर असेच म्हणतात.

हे गाव ज्या टेकड्यांत आहे त्यांना लांगे म्हणतात. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात पिएमोन्ते नावाचा प्रांत आहे. इंग्रजी पुस्तकांतून आपण त्याला पीडमाँट म्हणून ओळखतो. पिएमोन्ते म्हणजे पर्वताचा पायथा. नाव अगदी सार्थ आहे, कारण तीन बाजूंनी आल्प्स आणि आपेनाइन पर्वतांनी याला कवेत घेतले आहे आणि मधून पो नदी वाहते. राजधानी तोरिनो, म्हणजे आपले ट्युरिन. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले तेव्हा पहिली राजधानी हीच होती. तोरिनोच्या दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर आल्बा नावाचे गाव लागते. तानारो नदीच्या काठचे हे आल्बा म्हणजे लांगेची बाजारपेठ.

आज या टेकड्यांचे नाव जगभर दुमदुमते आहे. बारोलो आणि बार्बारेस्को या इथल्या दोन वाइन जगातल्या उंची वाइनमध्ये मोडतात. इथले पांढरे ट्रफल, म्हणजे झाडाच्या मुळांशी जमिनीच्या पोटात वाढणारी एक प्रकारची अळंबी, तोळ्या-माशाच्या हिशेबाने विकत घ्यावी लागते. २०१४ साली युनेस्कोने लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो इथल्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत बसवले. देशोदेशींचे खवय्ये शरद ऋतूत आल्बाला येतात, जेवतात, वाखाणतात आणि परत जातात.

आता कोणी म्हणेल, नभोवाणीवरून वाइनचे गोडवे गायला निघालात की काय? तसे नव्हे. हे भाषण म्हणजे पिण्याचे आमंत्रण नाही. मला जे सांगायचे आहे ते वेगळेच आहे. ज्या अन्नाला आज जग डोक्यावर घेते, ते एके काळी भुकेल्या माणसांचे अन्न होते. आणि त्याची कीर्ती झाली ती नुसत्या मातीच्या किंवा हवेच्या गुणाने झाली नाही. कोणी तरी त्या टेकड्या सोडून गेले नाही, आणि कोणी तरी आपल्या मालावर आपले नाव लिहिण्याची हिंमत केली, म्हणून झाली. ही गोष्ट द्राक्षे पिकवणाऱ्या आपल्या नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याने ऐकावी, आणि ज्याने द्राक्षाचा मळा कधी पाहिला नाही त्यानेही ऐकावी, असे मला वाटते.

प्रथम भुकेचे बोलू. आल्बात १९२२ साली जन्मलेला बेप्पे फेनोल्यो नावाचा एक लेखक होऊन गेला. महायुद्धात तो जर्मनांविरुद्ध आणि फॅसिस्टांविरुद्ध डोंगरातून लढला. पुढे पोटासाठी आल्बातल्याच एका वाइनच्या कंपनीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळू लागला. आणि रात्री लिहू लागला. १९६३ साली, अवघ्या चाळिशीत तो वारला. १९५४ साली त्याची एक छोटी कादंबरी निघाली. तिचे नाव ‘ला मालोरा’. मराठीत ‘वाताहत’ म्हणता येईल. तिच्यातला मुलगा घरच्या दारिद्र्यापायी दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून जातो. आपल्याकडे ज्याला सालगडी म्हणतात ना, अगदी तसाच. आणि गंमत अशी की ज्याच्याकडे तो राबतो तो मालकही खरा मालक नव्हेच. तोही दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करणारा. धन्याचा अर्धा वाटा मोजून दिला की उरलेल्या अर्ध्यात दोन्ही घरांची तोंडे मिळवायची!

त्या कादंबरीत जेवणाचा एक प्रसंग आहे. तुळईला दोरी बांधून खारवलेली एकच मासळी टेबलावर लोंबत ठेवलेली असते. घरातल्या प्रत्येकाने आपल्या हातातला पोलेंताचा, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा, तुकडा त्या मासळीवर घासायचा आणि खायचा. मासळी कोणी खायची नाही. नुसता वास लागला पाहिजे, खारटपणा लागला पाहिजे. मासळी उद्यालाही पुरली पाहिजे. आपल्याकडे भाकरीबरोबर कांदा फोडून खाणारा माणूस या घरात जेवायला बसता, तर तोच श्रीमंत ठरला असता.

हे काही लेखकाच्या कल्पनेचे खेळ नव्हेत. नूतो रेवेल्ली नावाचे दुसरे एक गृहस्थ कुनेओ जिल्ह्यातलेच. महायुद्धात रशियाच्या बर्फातून जिवंत परतलेले. त्यांनी पुढे वर्षानुवर्षे खांद्याला ध्वनिमुद्रण-यंत्र लटकावून डोंगरातली आणि लांगेतली घरे पालथी घातली, म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बोलते केले आणि त्यांचे शब्द टिपून घेतले. १९७७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव काय, तर ‘हरलेल्यांचे जग’. मुलांना जत्रेत वर्षभराच्या बोलीने गडी म्हणून देणारे बाप, चेस्टनटवर काढलेले हिवाळे, अर्जेंटिनाला नाही तर फ्रान्सला निघून गेलेले भाऊ, हे सारे त्या आवाजांत आहे. नभोवाणीवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला या कामाचे मोल अधिकच वाटते. ज्यांचे बोलणे कधी कोणी ऐकलेच नाही, त्यांच्यापुढे जाऊन यंत्र ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता त्याच दारिद्र्यातून स्वयंपाकघर कसे उभे राहिले ते बघा. पिएमोन्तेचा सगळ्यांत लाडका पदार्थ बान्या काउदा. याचा अर्थ गरम कालवण, किंवा गरम बुडवणी म्हणा. लसूण, तेल आणि खारवलेली मासळी मंद आचेवर शिजवून एकजीव करायची, मातीचे भांडे निखाऱ्यावर मधोमध ठेवायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून त्यात कोबी, ढोबळी मिरची, कार्डून नावाच्या भाजीचे दांडे बुडवून खायचे. द्राक्षांचा हंगाम संपला, थंडी पडली की याचा बेत होतो. भांड्याच्या तळाशी जे उरते त्यात शेवटी अंडे फोडून घालतात. वाया काही जाऊ द्यायचे नाही! ही मासळी म्हणजे अँकोव्ही. आपल्या कोकणातली मांदेली याच कुळातली.

पण थांबा. लांगेला समुद्र नाही, आणि या पदार्थाचा तर जीव समुद्राच्या मासळीत! हे कसे? त्याचे उत्तर पुन्हा गरिबीच देते. आल्प्सच्या कुशीत माइरा नदीचे खोरे आहे. तिथल्या शेतीवर वर्ष निघत नसे. म्हणून शरदात शेताची कामे आटोपली की तिथले पुरुष हातगाडी घेऊन खाली उतरत, जेनोव्हाकडून येणारी खारवलेली मासळी विकत घेत आणि अख्खा हिवाळा गावोगाव विकत हिंडत. डोंगरातले लोक समुद्राची मासळी विकत, आणि पठारातले लोक ती लसणीबरोबर शिजवत. तेलही समुद्राकाठच्या लिगुरियातून येई. ते परवडले नाही तर अक्रोडाच्या तेलावर भागवीत. म्हणजे ज्याला आपण पिएमोन्तेचा अस्सल पदार्थ म्हणतो, त्यात अस्सल स्थानिक काय, तर लसूण, भाजी आणि भूक!

हीच गोष्ट इतर पदार्थांची. आन्योलोत्ती देल प्लीन नावाच्या छोट्या पुरचुंड्या असतात. प्लीन म्हणजे चिमटा. कणकेच्या पातळ लाटीत सारण घालायचे आणि बोटांनी चिमटे काढून ती बंद करायची. करंजीला मुरड घालणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. आत सारण कसले? आदल्या दिवशीचे उरलेले भाजके मांस आणि पालेभाजी. आणि महायुद्धानंतर कोकोची टंचाई होती तेव्हा आल्बातल्या पिएत्रो फेर्रेरो नावाच्या मिठाईवाल्याने काय केले? लांगेच्या टेकड्यांवर हेझलनट मुबलक. त्याने कोको थोडा आणि हेझलनट फार अशी एक वडी १९४६ साली बाजारात आणली. पावाबरोबर कापून खायची. तिचेच पुढे मऊ रूप झाले आणि १९६४ साली ते नुटेला या नावाने निघाले. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांतही त्या बरण्या दिसतात. त्या बरणीच्या मुळाशी टंचाई आहे, हे मुलांना एकदा सांगावे.

आता वाइनकडे वळू. लांगेचे मानाचे द्राक्ष नेब्बिओलो. इटालियन भाषेत धुक्याला नेब्बिया म्हणतात. या द्राक्षाचे नाव त्यावरून पडले, असे बहुतेक मानतात. त्याला फुलोरा लवकर येतो आणि ते पिकते मात्र अगदी उशिरा, ऑक्टोबरात, टेकड्यांच्या पायथ्याशी धुके साचू लागते तेव्हा. म्हणजे वसंतातले कडाक्याचे दव, उन्हाळ्यातली गारपीट आणि शरदातला पाऊस, तिन्हींच्या तावडीतून ते सुटायला हवे. त्याची वाइन तरुणपणी इतकी तुरट असते की जीभ आवळून यावी. म्हणून नियम असा, की बारोलो हे नाव लावायचे तर ती किमान अडतीस महिने मुरली पाहिजे, आणि त्यांतले अठरा महिने लाकडी पिंपात गेले पाहिजेत. ज्याच्या घरी उद्याची भ्रांत, त्याने तीन वर्षे थांबायचे कसे, श्रोतेहो? अर्थातच तो थांबत नसे. तो द्राक्षे गाडीत घालून आल्बाच्या बाजारात नेई आणि व्यापारी म्हणेल तो भाव पदरात घेई. संध्याकाळ झाली, द्राक्षे तापू लागली, की भाव आणखी पडे. माल नाशवंत, गरज तातडीची आणि घेणारे मोजके. हा हिशेब आपल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवायला नको.

या फासातून सुटण्याचा एक प्रयत्न बार्बारेस्को गावात झाला. आल्बाच्या द्राक्षविद्येच्या शाळेचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी १८९४ साली नऊ बागाईतदारांना एकत्र आणून सहकारी तळघर काढले. पुढे फॅसिस्ट राजवटीच्या काळात ते बंद पडले. मग १९५८ साली त्याच गावच्या धर्मगुरूंच्या मनात आले की, हे लहान शेतकरी असेच सुटे सुटे राहिले तर गाव ओस पडेल. त्यांनी एकोणीस जणांना जमवले आणि पुन्हा सहकारी संस्था उभी केली. जागा नव्हती, पहिले तीन हंगाम वाइन तयार झाली ती चर्चच्या तळघरात! ती संस्था आजही चालू आहे आणि तिच्या मालाला जगात मान आहे. प्रवरेच्या काठी आपल्याकडे सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही याच दशकाच्या सुरुवातीचा काळ. दोन्हीकडे मूळ कल्पना एकच : माल नासण्याच्या भीतीतून शेतकऱ्याला सोडवले, म्हणजे तो भाव मागू शकतो.

पण सगळ्याच गावांना असे धर्मगुरू लाभले नाहीत. महायुद्धानंतर तोरिनोच्या मोटार कारखान्यांनी हाक दिली आणि लांगे रिकामी होऊ लागली. तरणीताठी माणसे गेली; आणि मुलींनी तर ठरवूनच टाकले की शेतकऱ्याशी लग्न करायचे नाही. महिन्याचा पगार असलेला कामगार हवा. टेकडीवरचे घर, विहिरीचे पाणी आणि सासूचा सासुरवास नको. दोष कोणाला द्यायचा? त्यांच्या आयांनी काय भोगले ते त्यांनी पाहिले होते. मग मागे राहिलेल्या शेतकऱ्यांनी बाचालेला गाठले. बाचाले म्हणजे तिथला लग्ने जुळवणारा मध्यस्थ. तो फोटो घेऊन पार इटलीच्या दुसऱ्या टोकाला, कालाब्रियाला जाई आणि तिथल्या गरीब घरांतल्या मुलींशी सोयरीक जुळवून आणी. भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा वेगळी. उन्हातून आलेल्या त्या मुली धुक्यात उतरल्या. रेवेल्लींनी १९८५ साली या आणि अशा बायकांच्या कहाण्यांचे पुस्तक काढले. त्याचे नाव ठेवले ‘बळकट कडी’. साखळी तुटू न देणारी कडी ती हीच.

हे ऐकताना तुम्हांला सोलापूर आठवले असेल. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे लग्नाळू तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा नेला होता. वर्तमानपत्रांनी तो विनोदाने छापला आणि आपणही हसलो. पण त्यात हसण्यासारखे काय होते? आपल्याकडे मुली कमी का झाल्या, हा त्यातला एक भाग, आणि तो आपल्याच पापाचा आहे. दुसरा भाग मात्र लांगेसारखाच : शेतीवर राहणाऱ्याला मुलगी द्यायला बाप धजत नाही. जिथे नवरी यायला तयार नाही तिथली माती कितीही कसदार असो, तिथली शेती एका पिढीची पाहुणी आहे असे समजावे.

लांगेत हे थोपले, ते दोन-तीन गोष्टींनी. एक तर कालाब्रियाच्या त्या बायका. दुसरे, आल्बातल्या त्या मिठाईच्या कारखान्याने टेकड्याटेकड्यांवर बसगाड्या पाठवून कामगार आणायला सुरुवात केली. सकाळी बसने कारखान्यात जायचे, संध्याकाळी घरी येऊन द्राक्षाचे वेल पाहायचे. पगारही मिळाला आणि घरालाही कुलूप लागले नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वाइनला भाव आला. पण तो भाव येण्याआधी एक भयंकर प्रकार घडला. तो सांगितल्यावाचून ही गोष्ट पुरी होणार नाही.

मार्च १९८६. मिलान शहरात स्वस्तातली लाल वाइन प्यायलेली काही माणसे एकाएकी दगावली. तपासात आढळले, वाइनमध्ये मिथेनॉल! ती वाइन लांगेच्या परिसरातल्या एका व्यापाऱ्याच्या तळघरातून निघाली होती. वीसच्या आसपास माणसे मेली आणि कित्येकांची दृष्टी कायमची गेली. असे कोणी का करील? कारण असे, की स्वस्त वाइनचा भाव तिच्यातल्या अल्कोहोलच्या अंशावर ठरे. पातळ वाइनचा अंश वाढवला की जास्त पैसे. साखर घालून अंश वाढवायला इटलीत कायद्याने बंदी; आणि १९८४ च्या एका कायद्याने मिथेनॉलवरचा कर उठला होता, म्हणून ते अतिशय स्वस्त झाले होते. कागदावर एक ओळ बदलली आणि एका लोभी माणसाला वाट सापडली.

मिथेनॉलचा घात लगेच कळत नाही, हेच त्यातले भय. चवीला, वासाला ते साध्या अल्कोहोलसारखेच. शरीरात गेल्यावर काही तासांनी त्याचे फॉर्मिक ॲसिड होते, आणि ते आधी डोळ्यांच्या नसांवर घाव घालते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे विषारी दारूने मेली, तेव्हा घात केला तो याच मिथेनॉलने. मिलानमध्ये आणि मालवणीत मेलेले लोक एका बाबतीत सारखेच होते : दोन्हीकडे ते स्वस्तातले पिणारे होते. महागातल्या बाटलीत विष सापडल्याचे आपण सहसा ऐकत नाही.

१९८६ नंतर इटलीच्या वाइनची निर्यात एका वर्षात तिसऱ्या हिश्शाहून जास्त कोसळली. ज्यांनी कधी काही भेसळ केली नाही त्यांचाही माल परत आला. आता इथे दोन मार्ग होते. एक, प्रकरण दडपायचे, चार माणसे तुरुंगात घालायची आणि पुन्हा पहिल्यासारखे चालू द्यायचे. दुसरा मार्ग अवघड होता. सरकारने त्याच वर्षी अन्नातली भेसळ रोखण्यासाठी केंद्रीय निरीक्षण यंत्रणा उभारणारा कायदा केला. पण खरे काम शेतकऱ्यांनी केले. ज्यांची द्राक्षे आजवर व्यापाऱ्याच्या टाकीत बेनाव मिसळत, त्यांतले अनेक जण स्वतःच्या घरी बाटल्या भरू लागले. बाटलीवर स्वतःचे नाव, गावाचे नाव, टेकडीचे नाव. वेलीवरचे निम्मे घड उन्हाळ्यातच छाटून टाकू लागले, म्हणजे उरलेल्यांत रस भरावा. ज्या बापाने भुकेपायी एकेक मणी जपला, त्याच्या डोळ्यांदेखत मुलगा घडच्या घड जमिनीवर पाडतो आहे! घराघरांत भांडणे झाली. ला मोर्रातल्या एका तरुणाने तर त्याआधीच बापाची जुनी मोठी पिंपे करवतीने कापून काढली, आणि बापाने त्याला वारशातून वगळले. दोघांपैकी चूक कोण? मला तरी सांगवत नाही. बापाला भूक आठवत होती आणि मुलाला उद्या दिसत होता.

त्याच १९८६ साली आल्बाजवळच्या ब्रा गावच्या कार्लो पेत्रीनी आणि त्यांच्या मित्रांनी आर्चिगोला नावाची संघटना काढली. १९८९ साली तिचे आंतरराष्ट्रीय चळवळीत रूपांतर झाले. हीच ती स्लो फूड चळवळ. तिचे चिन्ह गोगलगाय. मिथेनॉल हे काही तिच्या जन्माचे एकमेव कारण नव्हे. रोममध्ये झटपट खाण्याच्या अमेरिकन दुकानांविरुद्ध उठलेला आवाजही तिच्यात होता. पण तिचे म्हणणे या टेकड्यांवरच्या अनुभवातून आले होते : अन्न चांगले असावे, स्वच्छ असावे, आणि पिकवणाऱ्याला त्याचा रास्त दाम मिळावा. २००४ साली ब्राजवळच्या पोलेन्त्सो गावी अन्नविद्येचे विद्यापीठही निघाले. मी स्वतः कॉलेजात शिकवतो. शेतकरी, बेकरीवाला आणि चीजवाला यांच्या विद्येला विद्यापीठाच्या पायऱ्या चढवल्या, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

म्हणजे आता सगळे गोड झाले, असे समजू नका. आज लांगेत जमिनीला इतका भाव आहे की तरुण शेतकऱ्याला एक एकर विकत घेणे दुरापास्त. श्रीमंत परदेशी खरेदीदार येतात, टेकड्या विकत घेतात. आणि द्राक्षे तोडायला कोण येते? पूर्व युरोपातले आणि आफ्रिकेतले मजूर. त्यांना आणणारे मुकादम असतात. शब्द तिथला वेगळा, माणूस ओळखीचा! २०२४ च्या उन्हाळ्यात आल्बाच्या परिसरात मजुरांची पिळवणूक केल्याबद्दल अशा मुकादमांना पोलिसांनी अटक केली. ज्या टेकडीवर फेनोल्योचा सालगडी राबला, तिथे आज दुसऱ्या देशाचा पोर राबतो आहे. आणि त्याच्या घामाच्या बाटलीवर मात्र दुसऱ्याचे नाव आहे. रेवेल्ली २००४ साली गेले. त्या पोराच्या पुढ्यात यंत्र ठेवून ‘बोल बाबा’ म्हणणारा कोणी तरी आज तिथे हवा आहे.

श्रोतेहो, आपल्याकडेही आता खाद्यसंस्कृतीची चर्चा जोरात चालते. हुरडा पार्ट्या होतात, भरडधान्यांची प्रदर्शने भरतात, नाचणीची बिस्किटे मोठ्या दुकानांत चढ्या भावाने विकली जातात. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ज्वारी-नाचणीवर ज्यांनी दुष्काळ काढले, त्यांची घरे या कौतुकात कुठे आहेत? ऊस तोडणाऱ्याचे, द्राक्षांना कागद बांधणाऱ्या बाईचे नाव कुठे आहे? लांगेच्या शेतकऱ्याने आपल्या बाटलीवर आपले नाव घातले, त्या दिवशी त्याला दोन गोष्टी मिळाल्या. माल चांगला निघाला तर मान, आणि वाईट निघाला तर जबाबदारी. बेनाव अन्नात या दोन्ही गोष्टी नसतात, आणि मिथेनॉल शिरते ते याच फटीतून.

तेव्हा पुढच्या वेळी बाजारात गेलात, तर दुकानदाराला भाव विचारण्याआधी एवढेच विचारा : हे कुठल्या गावचे, कोणी पिकवले? पहिल्या दिवशी तो हसेल. पण दहा जणांनी दहा दिवस विचारले, तर अकराव्या दिवशी त्याला उत्तर शोधून ठेवावे लागेल. आणि ते उत्तर शोधत तो ज्या शेताच्या बांधापर्यंत जाईल, तिथल्या माणसाला पहिल्यांदाच कळेल की आपण पिकवलेले खाणारे कोणी तरी आपली चौकशी करीत आहे.